बाक आलेलं मोल्ट्रेस

कार्ड: पोकेमॉन या कार्डांच्या खेळातल्या फॉसिल सेटमधलं मोल्ट्रेस (आगीचा पक्षी), होलो म्हणजे चमकत्या फिल्मचं, क्रमांक १२/६२, इंग्रजी, १९९९चं. काम: बाक काढायचा, पाठीवरचा जुना गोंद काढायचा आणि ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून श्रेणी देणाऱ्या कंपनीकडे, पाठवण्याजोगं आहे का ते ठरवायचं. आठवडाभरात उरकेल असं वाटलं होतं. अकरा आठवडे लागले, आणि त्यातले निम्मे तरी माझ्याच चुकांनी खाल्ले. कुणी असंच कार्ड घेऊन बसणार असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून तारीखवार लिहून ठेवतोय.

१४ जून

कार्ड आज आलं. फोटोत सपाट दिसत होतं, कारण फोटो काढताना ते घट्ट प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये होतं. बाहेर काढून टेबलावर ठेवलं तर मधला भाग टेबलाला टेकलेला आणि डावी-उजवी कड वर उचललेली. होडीच. बोटाने टिचकी मारली की डुलतं.

बाक मोजायचा कसा, हा पहिला प्रश्न. पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचायला गेलो तर दर वेळी वेगळा आकडा. शेवटी साध्या कार्डांची चवड शेजारी रचली आणि उचललेल्या कडेइतकी उंची येईपर्यंत एकेक कार्ड वाढवत गेलो. एक कार्ड साधारण ०.३ मिमी जाडीचं असतं. बारा कार्डं लागली, म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास. यापुढे बाक ‘कार्डांत’च मोजणार. ऐकायला विचित्र वाटेल, पण रोज तेच उत्तर देणारं माप हेच.

बाकीची तब्येत: मागच्या निळ्या कडांवर दोन कोपऱ्यांत पांढरेपणा. होलोवर बारीक ओरखडे, तिरक्या उजेडातच दिसणारे. पाठीवर मधोमध पिवळट चिकट पट्टा, बहुतेक कुणीतरी टेप लावून वहीत चिकटवलं होतं. वहीत चिकटवलेलं कार्ड म्हणजे कुणाचं तरी फार लाडकं असणार, त्यामुळे राग धरवत नाही.

१५ जून

आधी खरं की खोटं ते बघितलं. हे खरं तर पैसे देण्याआधी करायचं काम. मी नंतर केलं.

टॉर्च लावून बघा असं सगळे सांगतात. या जातीच्या कार्डात कागदाच्या थरांमध्ये एक गडद थर असतो, म्हणून उजेड फारसा आरपार येत नाही. स्वस्त नकलेतून भसकन येतो. मी टॉर्च लावली, उजेड आला नाही, मी खूश. मग सुचलं की होलो कार्डात चमकती फिल्म असते आणि ती स्वतःच उजेड अडवते. नकली होलोही पास होईल. म्हणून होलोच्या बाबतीत टॉर्चवर विसंबू नये.

भिंगाने जास्त काम केलं. तीसपट भिंगाखाली रंगीत भाग म्हणजे ठिपक्यांची फुलं दिसतात, पण काळी अक्षरं मात्र सलग काळी, धारदार कडांची हवीत. अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची दिसली तर ते कार्ड स्कॅन करून छापलेलं. माझ्याकडची अक्षरं सलग निघाली. चमक फक्त चित्राच्या चौकटीत आहे, पिवळ्या कडेवर किंवा मजकुरावर नाही; त्या काळच्या होलोत तशीच असते. चित्राच्या उजव्या कोपऱ्याखाली फॉसिलचं पंज्याचं चिन्ह जागेवर. तळाच्या ओळीत १९९५, ९६, ९८ आणि पुढे १९९९ विझर्ड्स (कार्ड काढणारी कंपनी).

कार्डावरचा मजकूरही ताडून बघितला: ७० एचपी (किती मार सोसेल तो आकडा), पहिला हल्ला वाइल्डफायर, दुसरा डाइव्ह बॉम्ब ८०चा, कमजोरीचा रकाना रिकामा, फायटिंग जातीचा मार ३०ने कमी. एचपी किंवा आकडे भलतेच छापलेली नकली कार्डं मी पाहिली आहेत; त्यांना भिंगाचीही गरज नसते.

वर्णनात ‘पहिली आवृत्ती’ असं लिहिलं होतं. चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली जो शिक्का हवा तो नाही, म्हणजे ही साधी आवृत्ती. विकणाऱ्याला कळवलं, त्याने थोडे पैसे परत दिले. भांडण नाही.

शेवटी लांबी-रुंदी. ६३ बाय ८८ मिमी असायला हवं. बाक असलेलं कार्ड पट्टीवर मोजलं की रुंदी कमी भरते, आणि मी क्षणभर घाबरलो की कुणीतरी कड कापली आहे. त्याच काळातल्या साध्या कार्डावर ठेवून, बोटांनी हलकं दाबून, चारी कडा जुळवल्या. कापलेलं नाही.

१६ जून

दोन पातळ कागदांच्या मध्ये कार्ड, वर चार जाड पुस्तकं. सगळ्यांना सुचतं तेच.

२० जून

पुस्तकं काढली. कार्ड आरशासारखं सपाट. फोटो काढला, दोघा-तिघांना पाठवला, शाबासकी घेतली.

दोन तासांनी पाणी प्यायला उठलो तेव्हा टेबलावर पुन्हा होडी. चवड लावली: अकरा कार्डं. चार दिवसांची कमाई एक कार्ड.

२१ जून

आज काही केलं नाही, फक्त विचार केला. तो १४ तारखेला करायला हवा होता.

होलो कार्डाच्या पुढच्या बाजूला फिल्म आहे, मागे कागद. हवेत दमटपणा वाढला की कागद तो पितो आणि पसरतो. फिल्म पीत नाही, ती आहे तेवढीच राहते. मागची बाजू लांब, पुढची आखूड, मग कार्ड पुढच्या बाजूला वळणारच. हवा कोरडी झाली की उलटं: कागद आकसतो आणि कार्ड पाठीकडे वळतं. कडा वर म्हणजे ओल जास्त, कडा खाली म्हणजे ओल कमी. वजन ठेवून कागदातलं पाणी जात नाही. पुस्तकं फक्त बाक लपवत होती.

माझ्या कार्डाच्या कडा वर आहेत, बाहेर पाऊस चालू आहे, आणि मी त्याला चार दिवस पुस्तकाखाली ठेवून सरळ वागायला शिकवत होतो.

२२ जून

हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे वाटीभर नारिंगी दाणे, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि कार्ड. रात्री दहाला झाकण लावलं. मापकावर ६१.

२४ जून

सकाळी मापकावर २०. कार्ड उलट्या बाजूला वळलेलं, कडा खाली, मध्य वर. आता होडी नाही, कमान. चवड लावली: आठ कार्डं, पण दुसऱ्या दिशेने.

काल संध्याकाळी डबा उघडून बघितला असता तर मधल्या कुठल्यातरी तासाला ते सपाट सापडलं असतं. पण त्याचाही उपयोग नव्हता, कारण सिलिका जेल कुठे थांबायचं ते जाणत नाही. मिळेल तेवढी ओल ओढत राहतं. असल्या कोरडेपणात होलोच्या वरच्या थराला तडे जायची भीती असते. भिंगाने सगळा पृष्ठभाग पाहिला. तडा नाही. नशीब.

घाईघाईने बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

२६ जून

पुन्हा होडी. दहा कार्डं. हे कार्ड नाही, हवामान खातं आहे.

एक मात्र पक्कं कळलं: बाक कायमचा बसलेला नाही. दोन्ही बाजूंना वळतो म्हणजे मधे कुठेतरी त्याची सपाट जागा आहे.

२८ जून

दोन्हीकडून काम करणारी आर्द्रतेची पुडी आणली, ४९ टक्क्यांची. ओल जास्त असली तर ही पुडी ओढून घेते, कमी असली तर सोडते, आणि ४९ला थांबते. सिलिका जेलमध्ये नेमकं हेच नव्हतं. अशा पुड्या ६२, ६५, ६९, ७२ अशा आकड्यांच्याही मिळतात, त्या सिगारसाठी वगैरे, कार्डाला नकोत.

तोच डबा, सिलिका बाहेर, पुडी आत, कार्ड जाळीदार तुकड्यावर म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागेल. वजन नाही.

१ जुलै

मापक ४२ दाखवतोय. पुडीवर ४९ लिहिलंय. कार्ड सात.

४ जुलै

अजून ४२. पुडी खराब आहे असं ठरवून दुसरी आणली, वेगळ्या दुकानातून. आत टाकली.

५ जुलै

४२.

६ जुलै

दोन वेगवेगळ्या पुड्या एकाच आकड्याने खोटं बोलतील हे पटेना. मग संशय मापकावर गेला, ज्याच्यावर तो पहिल्या दिवशीच जायला हवा होता.

मिठाची चाचणी केली. जमेल त्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी, म्हणून नीट सांगतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरायचं, त्यावर पाण्याचे थेंब एकेक करून सोडायचे. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं की थांबायचं; वर पाणी तरंगता कामा नये आणि मीठ पूर्ण विरघळताही कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत, हवा कोंडून बंद. मापकावर मीठ सांडू द्यायचं नाही. आठ-दहा तास हात लावायचा नाही. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, नेहमीच.

पहिल्यांदा मी पाणी जास्त घातलं आणि मीठ पिठल्यासारखं झालं. ओतून पुन्हा.

७ जुलै

सकाळी मापकावर ६८. म्हणजे तो सात टक्के कमी सांगतो. ४२ अधिक सात, ४९. पुडी पहिल्या दिवसापासून बरोबर होती, दुसरीही. मापकाच्या पाठीवर कागद चिकटवून ‘+७’ लिहिलं. नऊ दिवस आणि एका पुडीचे पैसे गेले. पुडी वाया जाणार नाही, हवाबंद ठेवली तर पुढे वापरता येते. दिवस मात्र गेले ते गेले.

कार्ड: पाच.

९ जुलै

चार.

१२ जुलै

चार. उतार मंदावला आहे. हात शिवशिवतोय, पण डबा उघडायचा नाही असं ठरवलंय. तोवर गोंदाचा सराव.

सरावाला ऊर्जा-कार्डं घेतली, ज्यांची कुणाला किंमत नाही. तीन कार्डांच्या पाठीला टेप लावली, चार दिवसांपूर्वीच, आणि आज ओढून काढली.

पहिल्यावर पाण्यात किंचित भिजवलेली कापसाची काडी. गोंद ढिम्म हलला नाही, उलट कडेला पाणी शिरून कागदाचे थर फुगले, बिस्किट चहात पडावं तसे. पाणी बाद.

दुसऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. गोंद सुटला, पण त्याबरोबर निळ्या छपाईची वरची झिलईही गेली. तिरकं धरलं की निस्तेज डाग दिसतो. काडीवर फिकट निळा रंगही आला. हेही बाद.

तिसऱ्यावर लायटरमध्ये भरतात ते द्रव, नॅफ्था. काडी टेकवली, पाच सेकंद थांबलो, गोंद मऊ होऊन गोळ्या झाला आणि काडीला लागून आला. ओलसर डाग दिसला तो मिनिटभरात उडून गेला, कागद फुगला नाही, झिलई जागेवर. हे पाण्यासारखं कागदात मुरून बसत नाही, त्यामुळे बाकही वाढत नाही.

अग्निपक्ष्याच्या पाठीवर लायटरचं तेल चोळायचं, यातली गंमत मला कळते. पण हे खरंच पेट घेतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, शेजारी उदबत्तीसुद्धा नको, आणि वापरलेल्या काड्या लगेच घराबाहेर.

१६ जुलै

खऱ्या कार्डाचा गोंद. कार्ड तीनवर आलं होतं, त्याला अर्ध्या तासासाठीच बाहेर काढलं.

पट्टा सुमारे दोन सेंटिमीटर रुंद, पोकेबॉलच्या चित्रावरून आडवा. ताज्या टेपेचा गोंद पाच सेकंदांत सुटला होता. हा वीसेक वर्षं मुरलेला. काडी टेकवली, वीस सेकंद, काही नाही. पुन्हा. चौथ्या वेळी कड सुटली. इथे नखाने खरवडायचा मोह होतो. खरवडायचं नाही. काडी गोल फिरवत, एकाच दिशेने, पट्ट्याच्या कडेकडून आत. दर तीन फेऱ्यांनी नवी काडी, नाहीतर सुटलेला गोंद पुन्हा तिथेच माखला जातो. सदतीस काड्या लागल्या.

पिवळटपणा पूर्ण गेला नाही. गोंदाने कागदाचा रंग बदललाय, तो आता कागदाचाच भाग. चिकटपणा मात्र शून्य, स्लीव्हमध्ये (मऊ प्लास्टिकच्या पाकिटात) सरकन जातं.

पण काम करताना दुसरंच काहीतरी दिसलं. मागचा वरचा उजवा कोपरा, जो मी ‘बरा’ म्हणून सोडून दिला होता, तो काडी जवळ गेल्यावर किंचित गडद झाला आणि काडीला जांभळट निळा रंग लागला. बाकीच्या निळ्या कडेने एवढ्या काड्यांत एकदाही रंग सोडला नव्हता.

भिंग लावलं. छापील निळा म्हणजे ठिपके. कोपऱ्यातला निळा सलग, ठिपके नाहीत, आणि कागदाच्या तंतूंमधून मुळांसारखा पसरलेला. मार्कर. कोपरा पांढरा झाला म्हणून कुणीतरी निळ्या पेनने रंगवला होता.

१७ जुलै

काल झोप नीट लागली नाही. एवढ्याशा निळ्या डागासाठी, हो.

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या रंगवलेल्या किंवा कडा कापलेल्या कार्डाला आकडा देत नाहीत. फेरफार केलेलं म्हणून परत पाठवतात किंवा तसा शेरा मारतात. पांढऱ्या कोपऱ्याने श्रेणी खाली आली असती, पण मिळाली असती. रंगवलेल्या कोपऱ्याने मिळणारच नाही. ज्याने कुणी हे केलं त्याने कार्ड सुधारायला जाऊन घालवलं.

मार्कर काढता येईल का? एका ऊर्जा-कार्डाचा कोपरा घासून पांढरा केला, निळ्या मार्करने रंगवला, दोन दिवस ठेवणार.

१९ जुलै

त्यावर नॅफ्था: थोडा रंग आला, बाकीचा बसून राहिला. अल्कोहोल: रंग विरघळला आणि आजूबाजूच्या पांढऱ्या तंतूंमध्ये पसरला. तांदळाएवढा डाग वाटाण्याएवढा झाला.

थांबलो. खऱ्या कार्डाचा कोपरा आहे तसाच राहील.

ग्रेडिंग रद्द. चित्र कार्डाच्या मधोमध आहे का, या मापाचाही आता उपयोग नाही, पण मोजलं होतं म्हणून लिहितो: समोरून डावी कड साडेतीन मिमी, उजवी अडीच, म्हणजे ५८-४२. तसंही कोपरे आणि ओरखडे बघता वरच्या श्रेणीची आशा नव्हतीच.

२१ जुलै

ओरखड्यांचा प्रयोग एका फाटक्या होलोवर केला. पॉलिश लावून सुती कापडाने घासलं. ओरखडे कमी दिसायला लागले कारण त्याच्या आजूबाजूची चमकही तितकीच कमी झाली. सगळंच धुरकट झालं की डाग दिसत नाही, तसला उपाय. मोल्ट्रेसला फक्त कोरडा मऊ मायक्रोफायबर, न दाबता, दोन वेळा.

२५ जुलै

दोन कार्डं. पाच दिवस दोनच.

आज भाची आली होती. डब्यात डोकावून म्हणाली, “मामा, हा पक्षी आयसीयूत का आहे?”

“त्याचा बाक काढतोय.”

“मग याच्याशी खेळायचं कधी?”

कार्ड वाचून दाखवलं. वाइल्डफायर: मोल्ट्रेसला लावलेल्या फायर ऊर्जांपैकी हव्या तितक्या टाकून द्यायच्या आणि समोरच्याच्या गड्डीतली वरची तितकीच पानं बाद करायची. तिला ते अजिबात आवडलं नाही, “यात मार कुठाय?” डाइव्ह बॉम्ब आवडला. चार फायर ऊर्जा, ८०चा घाव, पण नाणं उडवायचं आणि उलटं पडलं तर काहीच नाही. तिने तिथल्या तिथे पाच वेळा नाणं उडवलं. चारदा उलटं. मग नावाची गोष्ट सांगितली: आर्टिकुनो, झॅपडॉस, मोल्ट्रेस, शेवटी उनो, दोस, त्रेस, स्पॅनिशमधले एक, दोन, तीन. तिने तिघांची नावं चार वेळा म्हणून बघितली आणि मला विचारलं की चौथा कुठाय.

फॉसिल सेटमध्ये प्रत्येक होलोची साधी, बिनचमकीची जोडही आहे; ६२तली पंधरा कार्डं दोनदा येतात. मोल्ट्रेसची साधी जोड २७/६२. तीच तिच्यासाठी घ्यायचं कबूल केलं. त्यात फिल्मच नाही, म्हणजे असला बाकही येणार नाही.

यावरून एक चूक आठवली जी वर लिहायची राहिली. सिलिका जेलचा प्रयोग करण्याआधी मी तो एका साध्या कार्डावर करून बघितला होता, आणि त्याला काही झालं नाही म्हणून निर्धास्त झालो होतो. अर्थातच काही झालं नाही! दोन्ही बाजूंना कागद, दोन्ही बाजू सारख्या आकसणार. होलोचा सराव होलोवरच करावा, फाटकं का असेना.

२७ जुलै

बाक दोनच्या खाली जात नाहीये. इथे मी पुस्तकांकडे परत गेलो, पण वेगळ्या बेताने. कागद आता ४९ टक्क्यांवर स्थिरावलाय, म्हणजे वजन ओलीशी भांडणार नाही, फक्त जुनी सवय मोडेल. कार्ड मऊ स्लीव्हमध्ये, दोन सपाट ॲक्रिलिकच्या तुकड्यांमध्ये, वर एकच पातळ पुस्तक, आणि हे सगळं त्याच डब्यात, पुडीसकट. जूनमध्ये वजन खोलीतल्या हवेत ठेवलं होतं, सगळा फरक तिथे होता.

कार्ड उघडं ठेवून वर वजन ठेवू नये. धुळीचा एक कण आत राहिला तर तो होलोवर खळगा पाडतो. स्लीव्ह घालण्याआधी फुंकर मारू नका, त्यात ओल असते (आणि कधीकधी थुंकीही). रबरी हवेचा फुगा वापरला.

३ ऑगस्ट

अर्धं कार्ड. म्हणजे चवडीतलं एक कार्ड ठेवलं तर ते कडेपेक्षा वर येतं. वजन काढून दोन दिवस तसंच डब्यात ठेवणार, परत वळतं का बघायला.

५ ऑगस्ट

वळलं नाही. या आनंदात मोठी घोडचूक केली. एका मित्राला दाखवायला म्हणून संध्याकाळी कार्ड बाइंडरच्या कप्प्यात घातलं आणि बाइंडर खिडकीजवळच्या कपाटावर ठेवला. रात्रभर पाऊस. उघडी खिडकी.

६ ऑगस्ट

पाच कार्डं.

स्लीव्ह आणि बाइंडर म्हणजे धुळीपासून संरक्षण. ओलीपासून नाही, स्लीव्हचं तोंड उघडंच असतं. परत डब्यात. बाइंडरच्या पानांचं प्लास्टिक कसलं ते बघायला एक कप्पा हुंगला तर नव्या शॉवर-पडद्याचा वास. हे पीव्हीसी. त्यातून कालांतराने तेलकट द्रव सुटतं आणि कार्डाला चिकटतं. जुनी कार्डं त्यातून काढून पॉलिप्रॉपिलिनच्या पानांत हलवायला दोन संध्याकाळी गेल्या. ते या प्रकल्पात धरत नाही.

१४ ऑगस्ट

एक कार्ड. या वेळी आठच दिवसांत, वजनाशिवाय. आधी महिना का लागला? माझा अंदाज: तेव्हा कागद कित्येक वर्षं ओलीत मुरलेला होता, या वेळी एकच रात्र.

१८ ऑगस्ट

खर्चाचा हिशेब. हवाबंद डबा, दोन पुड्या (एक पुरली असती), आर्द्रतामापक, भिंग, नॅफ्थाची छोटी बाटली, कापसाच्या काड्यांचा डबा, ॲक्रिलिकचे तुकडे, स्लीव्ह. कार्डासाठी दिले त्याच्या जवळपास निम्मे यात गेले. सिलिका जेल आणि पॉलिश घ्यायलाच नको होतं. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवशी मीठ, दुसऱ्या दिवशी पुडी, मग तीन आठवडे हात खिशात.

२२ ऑगस्ट

कायमची जागा: स्लीव्ह, त्यावर टॉपलोडर, ते हवाबंद डब्यात, ४९ची पुडी आणि ‘+७’वाला मापक. टॉपलोडरमध्ये कार्ड घालताना स्लीव्हचं तोंड खाली जाईल असं घातलं, म्हणजे वरून धूळ शिरत नाही. डबा कपाटात, उन्हापासून लांब. लाल-पिवळे रंग उन्हात लवकर फिके पडतात, आणि या पक्ष्यात दुसरं आहेच काय!

टॉपलोडरच्या मागे कागदाची चिठ्ठी लावली: ‘मागचा वरचा उजवा कोपरा मार्करने रंगवलेला. पाठीवरचा गोंद काढलेला, जुलै.’ पुढे कधी माझ्या हातून हे कार्ड गेलं तर घेणाऱ्याला भिंग लावून शोधावं लागू नये.

३० ऑगस्ट

डबा उघडला. मापकावर ४१, म्हणजे ४८. चवड लावली, एक कार्ड ठेवलं, ते कडेपेक्षा वर आलं. पुन्हा अर्धं.

पुडी दाबून बघितली, अजून मऊ आहे. कडक झाली की दुसरी टाकायची, ती ४ जुलैची कपाटात आहेच. भाचीचं २७/६२ काल आलं. तिने ते स्लीव्हशिवाय गड्डीत घातलं आणि पहिल्याच डाइव्ह बॉम्बला नाणं उलटं पडलं.